बोटभर माया

दिवसभर मी काचेच्या आत असते.
घाटंजीतलं एसीवालं दुकान.
दारातली बिनडोक्याची बाई दर आठवड्याला नवा ड्रेस घालते,
मी तोच काळा टी-शर्ट, पाठीवर दुकानाचं नाव.
एस, एम, एल, एक्सएल.
घड्या घालायच्या. लोक विस्कटतात. पुन्हा घालायच्या.
गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नसतं,
'स्टॉक येतो आहे' म्हणायचं.

सात वाजता सुटले की रस्ता ओलांडते.
जिनिंगच्या भिंतीला टेकून जैबुनबीचा ढीग,
नागपूरहून गठ्ठ्यानं येतो, कुठला कुठला.
तीस रुपये नग. स्वेटरचे पन्नास.
"आली काव काचवाली," ती म्हणते,
"बस. आज बायायचा माल चांगला हाये."

त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायला मला आवडतं.
एका शर्टाची डावी बाहीच तेवढी झिजलेली:
डावखुरा असणार, टेबलावर लिहिणारा.
एका झग्याच्या गळ्याला अजून पावडरचा वास.
एका पोराच्या पँटची मोहरी तीनदा उसवलेली,
खाली तीन फिक्या रेघा, खोडात असतात तशा.
पोरगं वाढत होतं
आणि पँट त्याच्या मागं धावत होती.
आमच्या काचेतल्या कपड्यांना
अजून कोणीच भेटलेलं नाही.

घरी मात्र मी हे बोलत नाही.
चौथीत मला गुरुजींच्या पोरीचे उतरलेले फ्रॉक होते.
एकदा नळावर ती हळूच म्हणाली, "हा माझा होता."
वाईट मनानं नव्हती म्हणाली.
तरी मी पाणी न पिता वर्गात गेले.
आता माझी धाकटी नव्या ड्रेसचं लेबल
दोन दिवस काढत नाही,
मानेला टोचलं तरी.
तिचं चुकतं, असं मला म्हणता येत नाही.

गेल्या बाजारी यवतमाळच्या दोन पोरी आल्या स्कूटीवर.
ढिगाचे फोटो काढले, जैबुनबीच्या हातांचे काढले,
"व्हिंटेज!" म्हणाल्या,
एका जॅकेटाचे दोनशे दिले आणि उरलेले घेतलेच नाहीत.
"व्हिंटेज म्हंजे काय व?"
"जुनं," मी म्हणाले,
"पण ज्याला नवं घेता येतं, त्यानं घेतलेलं."
ती सुईत दोरा ओवत राहिली.
"मंग मी तीसले काहून इकून राहिली?"

त्याच दिवशी तो कुर्ता हाताला लागला.
हळदी रंगाचा, विटका. आत शिंप्याची पट्टी:
न्यू डायमंड टेलर्स, पुलगाव.
टी-शर्टावरूनच चढवला.
खांद्याला बसला, छातीला अडला.
'एल दाखवू का' हे माझंच वाक्य
माझ्याच तोंडाशी आलं.
जैबुनबीनं कुर्ता उलटा केला,
शिवण अंगठ्यानं चाचपली.
"थांब व. माया हाये याच्यात बोटभर."

ब्लेडनं टाके काढले तिनं, एकेक, फुंकर घालत.
आतून एक पट्टी निघाली
ऊन न लागलेली,
पिवळीधमक, पहिल्या दिवसाइतकी.
जिचा कुर्ता होता तिनंही हा रंग विसरला असेल.
पुलगावच्या त्या माणसानं तिच्यासाठीच ठेवली असणार माया:
बाई आहे, भरेल, लेकरं होतील.
ती नाही भरली.
मी भरले.
दोन्ही काखांखाली आता एकेक पिवळी रेघ आहे,
हात वर केला की दिसते.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक बाई,
रंग पसंत पडलेला, दंडात अडलेली.
"थोडं सोडून भेटंल काव?"
मी कुर्ती उलटी केली.
आत ओव्हरलॉक, कापड जिथं संपतं तिथंच शिवण.
"स्टॉक येतो आहे, ताई," मी म्हणाले.
ती गेल्यावर माझ्या काळ्या टी-शर्टाची कड
दुमडून पाहत होते,
तेवढ्यात मॅनेजरनं विचारलं, काय शोधतेस.